नको म्हटलं की थांबायचं

जपानी भाषेचा मला पहिला राग आला तो 'सुमिमासेन' या एका शब्दावरून. सुमिमासेन म्हणजे माफ करा. सुमिमासेन म्हणजे आभारी आहे. सुमिमासेन म्हणजे अहो, जरा इकडे बघता का. कुणी आपल्यासाठी दार धरून ठेवलं तर सुमिमासेन म्हणायचं, आणि कुणाचा पाय आपल्या पायावर पडला तरी आपणच सुमिमासेन म्हणायचं. मी हात वर करून विचारलं, "पाय त्याचा पडला, तर माफी मी कशाला मागू?"

आमच्या बाई पुण्याहून शिकवायच्या. त्यांना सेन्सेई म्हणायचं, बाई म्हटलेलं चालायचं नाही. जव्हारच्या बाजारपेठेत भांड्यांच्या दुकानावर एक खोली होती, तिथं भिंतीवर मोठा टीव्ही लावला होता आणि त्यात सेन्सेई दिसायच्या. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "तिकडे असंच असतं."

हे उत्तर माझ्या चांगलंच ओळखीचं होतं. घरची बोली घेऊन मी आश्रमशाळेत गेले तेव्हा तिथल्या गुरुजींनी हेच सांगितलं होतं. नाय म्हणू नको, नाही म्हण. का? शुद्ध भाषेत असंच असतं. मराठी शिकताना मी एकदा जीभ वळवून घेतली होती, आता जपानीसाठी पुन्हा वळवत होते, आणि तीही पुण्याच्या मराठीतून. सेन्सेई एखाद्या जपानी शब्दाचा अर्थ सांगायच्या, तर तो मराठी शब्दच मला अर्धा कळायचा. 'संकोच' म्हणजे नक्की काय, हे मी शेजारच्या मुलीला विचारलं, तर तिनं मलाच उलट विचारलं.

वर्ग कशासाठी होता ते सांगते. जपानमध्ये म्हाताऱ्या माणसांची घरं असतात, तिथं त्यांना उठवायला, भरवायला, अंघोळ घालायला मुली हव्या असतात. मी नर्सिंगचा कोर्स करून जव्हारच्या एका खासगी दवाखान्यात काम करत होते. सकाळची पाळी संपली की वर्गाला जायचे. परीक्षा झाली की तिकडच्या लोकांची मुलाखत, आणि त्यात निवड झाली की विमान. सगळं एवढं सोपं करून सांगितलं होतं की न जाणारा वेडा ठरावा.

पण मला विमानाची हौस नव्हती. आमचा पाडा वांगणीच्या अलीकडे आहे. वावर गावापर्यंत जीप मिळते, पुढं चालायचं. भात झोडून झालं, नागली घरात आली की आमच्याकडे अर्धी घरं बंद होतात. माणसं वीटभट्टीवर जातात, भिवंडीकडे नाहीतर वसईकडे. त्याला आम्ही 'जगायला जाणं' म्हणतो. मला कळतं तेव्हापासून आईबाबा जगायला जातात. मी आश्रमशाळेत, ते भट्टीवर. आईची कंबर त्या विटांनी गेली. ती वाकते तेव्हा एक हात गुडघ्यावर टेकवून वाकते, आणि उठताना तोंड बाजूला फिरवते, कुणाला दिसू नये म्हणून. मी जपानला गेले की हे बंद, एवढं मी मनाशी ठरवलं होतं आणि आईलाही सांगून टाकलं होतं. ती म्हणाली, "म्हणजे आता तू जगायला जाणार." मला तिचा राग आला, पण ती खोटं बोलली नव्हती.

सेन्सेईंनी सांगितलं होतं की शब्द पाठ करून भाषा येत नाही, घरी वापरा. शनिवारी घरी गेले. आईनं तव्यावरची नागलीची भाकर माझ्या ताटात टाकली आणि मी मान वाकवून 'आरिगातो गोझाइमास' म्हटलं.

"काय बोललीस?"

"आभार मानले."

आईनं उलथनं खाली ठेवलं. "कोणाच्या घरी आलीस तू? परक्याच्या?"

आमच्याकडे घरात कुणी कुणाचे आभार मानत नाही. भाकर दिली, खाल्ली, झालं. आभार मानले म्हणजे आपण वेगळे झालो असं वाटतं. हे मी सेन्सेईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं, तिकडे नवरासुद्धा बायकोला म्हणतो." मी म्हटलं, आमच्याकडे म्हणाला तर बायको त्याला दवाखान्यात घेऊन येईल. वर्ग हसला. सेन्सेईही हसल्या, पण लगेच म्हणाल्या, "मुलाखतीत असं बोलायचं नाही हं."

एकच शब्द मला मनापासून आवडला. काम संपवून घरी निघणाऱ्याला जपानी माणसं 'ओत्सुकारेसामा' म्हणतात. म्हणजे तुम्ही दमलात, तुमचे श्रम आम्हाला दिसले. आई डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन अंगणात आली तेव्हा मी तो शब्द म्हटला आणि मराठीत अर्थही सांगितला. तिनं मोळी टाकली, पदरानं गळा पुसला. "दमले तर काय, बस म्हणतेस का? पाणी आन." मी पाणी आणलं. पुढच्या शनिवारी मात्र तिनंच विचारलं, "तो दमल्याचा शब्द काय होता गं?" तिला तो कधीच नीट म्हणता आला नाही. मी शिकवायला गेले की ती तोंडावर हात ठेवून हसत सुटायची.

बाकी सगळ्या शब्दांनी माझं डोकं फिरवलं. त्यातही 'दाइजोबु' या शब्दानं तर नाकी नऊ आणले.

दाइजोबु म्हणजे ठीक आहे, बरं आहे. पडलेल्या माणसाला विचारायचं, दाइजोबु देस का? म्हणजे लागलं नाही ना? इथपर्यंत मी खूश होते. मग धडा आला चहा देण्याचा. मी चहा पुढं करायचा, समोरची मुलगी म्हणणार दाइजोबु देस. मला वाटलं, चालेल म्हणतेय. मी कप तिच्या हातात दिला. टीव्हीतून सेन्सेईंचा आवाज, "थांब! तिनं नको म्हटलंय." चहाच्या वेळी दाइजोबु म्हणजे नको, मी अशीच बरी आहे. बरं, ठीक. पुन्हा केलं. ती दाइजोबु म्हणाली आणि मी कप पुन्हा पुढं सरकवला.

"आता का दिलास?"

"ती एकदाच नको म्हणाली."

सेन्सेईंना ते समजेना आणि मला त्यांचं न समजणं समजेना. आमच्या पाड्यावर कुणाच्या दारात गेलं की घरातली बाई विचारते, जेवणार का? आपण म्हणायचं, नको, आत्ताच खाल्लं. पोटात काही नसलं तरी तसंच म्हणायचं. ती ऐकत नाही. ती ताट वाढते. आपण परत नको म्हणतो आणि पाट ओढून बसतो. पहिल्या नकोला जी बाई थांबते तिच्या घरी पुन्हा कुणी जात नाही. नको म्हणणं पाहुण्याचं काम आणि न ऐकणं घरच्या बाईचं काम. मी जन्मापासून हेच बघितलेलं. दवाखान्यातही मी तेच करायचे. म्हातारा म्हणतो, बरं हाय बाय, काही दुखत नाय. मी ऐकायचे नाही, पोटावर हात ठेवायचे, मग तो ओरडायचा. आईला विचारलं कंबर दुखते का, तर ती नाय म्हणते. मी तेल गरम करायला ठेवते. तेल गरम होईपर्यंत ती पालथी झोपलेली असते.

सेन्सेई म्हणाल्या, "हे सगळं विसरायचं. तिकडे समोरच्याच्या इच्छेचा मान ठेवतात. दाइजोबु म्हटलं की थांबायचं. कप मागं घ्यायचा, मान वाकवायची आणि गप्प उभं राहायचं."

मी विसरायला लागले. त्या धड्यासाठी मला जितक्या वेळा उभं केलं तितक्या वेळा कुणालाच केलं नसेल. माझा हात आपोआप पुढं जायचा आणि टीव्हीतून आवाज यायचा, थांब. वर्गातल्या मुली मला बघून फिदीफिदी हसायच्या. मी जिद्दीला पेटले. दवाखान्यात, जीपमध्ये, रात्री ताटावर बसल्यावर मी स्वतःला बजावत राहिले, नको म्हटलं की थांबायचं. शेवटी एकदा माझा हात जागेवर राहिला. सेन्सेईंनी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतरचा धडा होता नकार न देण्याचा. जपानी माणूस तोंडावर नाही म्हणत नाही. कुठं बोलावलं तर 'चोत्तो' म्हणतो, म्हणजे जरासं, आणि पुढचं वाक्य बोलतच नाही. जरासं काय, ते आपण ओळखायचं. कामाचं काही मागितलं तर हसून म्हणतो, आम्ही चांगल्या मनानं विचार करू. सेन्सेईंनी फळ्यावर लिहिलं, 'माएमुकी नि केंतो शिमास', आणि विचारलं, "याचा अर्थ काय असेल?"

सगळ्या म्हणाल्या, विचार करणार. मी म्हटलं, "काम होणार नाही."

सेन्सेई थक्क झाल्या. म्हणाल्या, पुण्याच्या वर्गातल्या मुलांना हे समजायला फार वेळ लागतो, तुला कसं कळलं? मला वर्गात पहिल्यांदाच कुणी हुशार म्हणत होतं आणि मला हसू येत होतं. आमच्याकडे पोरीला मागणी घालायला माणसं येतात तेव्हा पोरीचा बाप कधी नाही म्हणतो का? तो म्हणतो, नागली झोडून झाली की बघू. पाहुणे चहा पितात, पावसापाण्याचं बोलतात, चपला घालतात आणि परत कधी येत नाहीत. कुणाचा अपमान होत नाही आणि कुणाला समजायचं राहत नाही.

त्याच दिवसांत भट्टीचा मुकादम आमच्या पाड्यावर आला. दरवर्षी येतो, कोण कोण येणार ते ठरवून जातो. मी घरीच होते. आईनं त्याला खाटेवर बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाली, "औंदा नागली झोडून झाली की बघू." त्यानं आईकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. "पोरगी परदेशात चालली म्हणतात." आईनं रिकामा तांब्या उचलला. तो उठला आणि खालच्या घराकडे गेला. बाबा कुडाला टेकून बसले होते, ते आईला म्हणाले, "तिचं ठरू तरी द्यायचं." आई म्हणाली, "ठरलंच हाय."

अजून मुलाखत व्हायची होती.

मुलाखत दिवाळीनंतर झाली. खोलीत आम्ही सगळ्या पांढरे शर्ट घालून बसलो होतो. टीव्हीत तिघं दिसत होते, वृद्धाश्रमाचे साहेब, तिथल्या मुख्य बाई आणि एक दुभाषा. एका कोपऱ्यात छोट्या चौकटीत सेन्सेई. आपली ओळख करून द्या, झालं. जपानला का यायचं आहे, झालं. मी अडखळले नाही. मग मुख्य बाई म्हणाल्या की आता मी तुमच्याकडची आजी होते, तुम्ही मला चहा विचारा. त्यांनी गुडघ्यांवर शाल घेतली, खांदे पाडले आणि खरंच आजी झाल्या.

मी कप हातात घेऊन टीव्हीजवळ गेले. मान वाकवून चहा घेणार का विचारलं. बाईंनी एक हात हलवला. "दाइजोबु, दाइजोबु." दुसरा हात शालीखाली होता. तो गुडघ्यावर फिरत होता. आणि बाईंनी तोंड बाजूला फिरवलं.

मी ते बघितलं. खोटं कशाला बोलू, मला ते स्पष्ट दिसलं. आई असंच तोंड फिरवते. माझा पाय पुढं निघालाही होता. आणि माझ्याच डोक्यातून आवाज आला, थांब. नको म्हटलं की थांबायचं. मी कप मागं घेतला, 'काशिकोमारिमाशिता' म्हणजे जशी आज्ञा असं म्हटलं, पाठ सरळ ठेवून वाकले आणि गप्प उभी राहिले. एकही चूक नाही. बाई माझ्याकडं बघत राहिल्या. मीही बघत राहिले. मग त्यांनी शाल काढून घडी घातली आणि त्या हसल्या.

शेवटी साहेब बोलले. लांबलचक वाक्य होतं, पण मला त्यातलं हवं ते ऐकू आलं. माएमुकी नि केंतो.

दुभाषा म्हणाला, "ते चांगल्या मनानं विचार करणार आहेत."

खोलीत टाळ्या वाजल्या. पाठीमागच्या मुलीनं मला मिठी मारली. वर्ग चालवणाऱ्या संस्थेचा माणूस बर्फीचा पुडा आणायला खाली पळाला. मी चौकटीतल्या सेन्सेईंकडं बघितलं. त्या टाळ्या वाजवत नव्हत्या. इतके महिने मी त्या भाषेमागं धावले, आणि कुणी न सांगता मला नीट कळलेलं पहिलं वाक्य हे.

तिकडची माणसं टीव्हीतून गेल्यावर मी सेन्सेईंना थांबवलं. "नाही म्हणाले ना?"

"तू फार छान बोललीस. पण..." त्यांनीही वाक्य अर्धंच सोडलं.

"पण काय? सरळ सांगा. तुम्ही तरी सरळ सांगा."

सेन्सेईंनी चष्मा काढला. "बाईंनी मला आत्ताच लिहून विचारलं की हिला माझा दुखरा गुडघा दिसला नाही का? ही जवळ का आली नाही? अगं, म्हातारी माणसं तिकडे संकोचानं दाइजोबु म्हणतात. दुखत असलं तरी म्हणतात. ते ओळखायचं असतं. त्याला ते हवा वाचणं म्हणतात."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुमीच मना थांब सांगलंत!" शुद्ध मराठी कुठल्या कुठं गेली. "माझा हात जात होता, तुमी मागं वढायला लावलात. मना दिसत होतं. आमच्याकडं कोणी पहिल्या नकोला थांबत नाय, मी सांगलं होतं तुमाला!"

"सुमिमासेन," त्या म्हणाल्या. आणि चष्मा पुन्हा लावून, "परीक्षेत तसंच विचारतात गं. आम्ही तसंच शिकवतो. तू पुन्हा प्रयत्न कर. गाम्बात्ते."

गाम्बात्ते म्हणजे नेटानं कर, हिंमत सोडू नको. जपानीत हा शब्द कुणी कुणालाही देतं आणि आपण मोकळं होतं. मी टीव्हीचं बटण बंद केलं. तिथं ते करायची परवानगी फक्त संस्थेच्या माणसाला होती. बर्फी आली तेव्हा मी जिना उतरत होते.

जीपमध्ये मी सगळ्यांवर चिडले होते. सेन्सेईंवर, शाल घेऊन नाटक करणाऱ्या बाईंवर आणि सगळ्यात जास्त माझ्या हातावर. इतकं कशाला शहाणं व्हायचं त्यानं? अजून थोडं अडाणी राहिला असता तर बिघडलं नसतं. वावरला उतरले. वाटेत दोन घरांना कुलूप दिसलं, माणसं जगायला गेली होती.

आई अंगणात नागली पाखडत होती. मला बघून तिनं सूप खाली ठेवलं. बाबा आत होते, तेही उंबऱ्याशी आले.

"काय बोलली जपानची माणसं?"

वाटभर मी ठरवत आले होते की काहीतरी गोड करून सांगायचं. चांगल्या मनानं विचार करतील म्हणायचं. पण आईसमोर ते बोलून उपयोग नव्हता. ती भाषा तिच्याकडूनच तर मी शिकले होते.

"बघू म्हणाली," मी म्हटलं.

आईनं विचारलं नाही की केव्हा बघणार. बाबांनी विचारलं नाही. आईनं सूप उचललं, दोन-तीनदा पाखडलं, त्यात पाखडण्यासारखं काही उरलं नव्हतं. मग ती बाबांना म्हणाली, "खालच्या घराकडं जा. मुकादम परत येणार का इचार." बाबा चप्पल घालून उतरले.

मी घरात जाऊन भिंतीकडं तोंड करून बसले. पांढरा शर्ट बदलायचंही सुचलं नाही. चुलीपाशी खुडबुड झाली. आई दारातून म्हणाली, "जेव."

"नको."

"सकाळची निघालीस."

"नको म्हटलं ना. भूक नाही मला. मी बरी आहे."

हे मी इतक्या जोरात ओरडले की बाहेरची कोंबडी पळाली. मग ताट सरकवल्याचा आवाज आला. आई एक हात गुडघ्यावर टेकवून वाकली, भाकर, उडदाचं वरण आणि मिरची माझ्यापुढं ठेवली, आणि उठताना तोंड फिरवायच्या ऐवजी तिथंच माझ्याजवळ खाली बसली. तिनं भाकरीचा तुकडा मोडला, वरणात बुडवला आणि माझ्या तोंडापाशी धरला. मी पुन्हा नको म्हटलं. तिनं हात मागं घेतला नाही.